पंचवीस माणसं घेऊन गावच्या यात्रेला जायचंय, कसं जमवायचं?

लग्नानंतर पहिल्यांदाच सासरच्या गावच्या यात्रेला निघालात, गाव जुन्नर तालुक्यातलं, बरोबर पंचवीसेक माणसं, त्यात तान्ही मुलं आणि ऐंशीच्या पुढच्या आजेसासूबाई. भर उन्हात सगळ्यांना एकत्र ठेवून मजा कशी करायची आणि तमाशाला जावं का, असं तुम्ही विचारलंय. माझंही सासर त्याच पट्ट्यातलं आणि मी घरातली थोरली सून, म्हणून स्पष्टच सांगते: एकत्र ठेवायचा नाद सोडा. यात्रेत घर पांगतंच आणि पांगलेलंच बरं. एकत्र यायचं ते पंगतीला आणि पालखी दारात आल्यावर. बाकी वेळ ज्याला जे आवडतं त्यानं ते बघावं.

आधी तिथी विचारून घ्या. यात्रा तिथीवर असते, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. चैत्रातली असेल तर पोरांच्या परीक्षा आड येतात, वैशाखातली असेल तर सुट्टी लागलेली असते. दुसरं म्हणजे घरची पट्टी, म्हणजे यात्रेची वर्गणी, भरली का, ते विचारा. शहरात राहणाऱ्यांची पट्टी राहून जाते, मग पावतीपुस्तक घेऊन कमिटीची पोरं ऐन पंगतीत दारात उभी राहतात.

पहिला दिवस देवाचा. सकाळी अभिषेक, मग नैवेद्य, संध्याकाळी मांडवडहाळे. आंब्याचे डहाळे बैलगाडीतून वाजतगाजत देवळापर्यंत येतात. हे उन्हं कलल्यावर असतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना हेच दाखवा. दुपारी बारा ते चार कुणालाही घराबाहेर काढू नका. पुरणपोळी आणि आमटी खाऊन गाव झोपलेलं असतं, तुम्हीही झोपा. रात्री जागायचंय.

रात्री छबिना, म्हणजे देवाच्या पालखीची मिरवणूक, निघतो आणि माझ्या मते सगळ्या यात्रेत बघण्यासारखं काही असेल तर ते हेच. पालखी आपल्या आळीत यायला कधी अकरा वाजतात, कधी एक. आजेसासूबाईंना देवळात नेऊन गर्दीत उभं करण्यापेक्षा ओट्यावर खुर्ची टाकून बसवा, देव दारात येतोच. तुम्ही मात्र पाण्याचा तांब्या आणि ओवाळणीचं ताट तयार ठेवा. पालखी थांबली की आधी खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचं. अनवाणी फिरून तळपाय भाजलेले असतात, धुळीनं घोट्यापर्यंत पांढरे झालेले असतात. पाणी पडलं की एखादा गडी डोळे मिटून नुसता ‘हा…’ म्हणतो. नवी सून म्हणून हे काम तुमच्याकडंच येईल. पदर सांभाळा, शोभेची दारू तिथंच उडवत असतात.

दुसरा दिवस जेवणावळीचा आणि तिथंच सगळ्यांची गाडी अडकते. मटणाचं जेवण असतं आणि पाहुण्यानं पाहुणा आणायचा हा रिवाजच आहे, तेव्हा माणसं मोजून अंदाज काढाल तर फसाल. आम्ही आता मागच्या अंगणात चुलवण घालून आचाऱ्याला सांगतो आणि बाजरीच्या भाकरी गावातल्या बायकांकडून करून घेतो. पूर्वी घरच्या सुना दिवसभर तव्यापुढं बसायच्या आणि यात्रा ऐकून माहीत व्हायची. तुमच्या सासूबाई ‘बाहेरच्या भाकरी कशाला’ म्हणतील, तेव्हा नवऱ्याला पुढं करा. माळकऱ्यांसाठी बेसनाची मासवडी आणि रस्सा वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पळीनं. हे एकदा चुकलं की दहा वर्षं ऐकावं लागतं.

बैलगाडा शर्यत असेल तर पोरं ऐकणार नाहीत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली वर्षं आमच्या पुतण्यांनी घाट, म्हणजे गाडे पळतात ती धाव, नुसता ओसाड बघितला, त्यामुळे आता त्यांना सकाळपासून तिथंच बसायचं असतं. बसू द्या, पण घाटाच्या बाजूच्या उतारावर. निशाणाच्या पुढं, जिथं सुटलेले बैल आवरतात, तिथं कुणालाही उभं राहू देऊ नका, मग तो कितीही मोठा शौकीन असो. टोपी, पाण्याची बाटली आणि बरोबर एक शहाणा काका. सगळ्यात उत्साही काका नको.

दुपारी आखाडा. सुरुवातीला बारक्या पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात. तुमच्या घरातलं एखादं शहरी पोरगं हलगीच्या तालावर आपणहून मातीत उतरेल. आई ओरडली तरी उतरू द्या. मोठ्या इनामाच्या कुस्त्या शेवटी होतात, तोपर्यंत बायकामंडळी पाळणे आणि बांगड्यांच्या दुकानांकडं वळलेली असतात.

तमाशाचं विचारलंत. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी तिथं जाऊन सुपारी देतात, म्हणजे तुमच्या गावाला फड कुठला हे महिनाभर आधी कळू शकतं. बायकांनी रात्री जावं का, हे गावागावावर आहे. नणंदेला विचारा, सासऱ्यांना नको. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी हजेऱ्या, म्हणजे फडाचे दिवसाचे खेळ, असतात, तेव्हा उजेडात सगळे बसतात. गण, गवळण आणि बतावणी ऐकायला मला तीच वेळ बरी वाटते. वग, म्हणजे तमाशातलं नाटक, मात्र रात्रीचाच.

परत निघताना कुस्त्या सुटल्यावर लगेच गाड्या काढू नका, सगळा तालुका तेव्हाच निघतो. मुक्काम करून पहाटे पाचला निघालात तर चाकणची कोंडी टळेल. आणि शेजाऱ्यांसाठी गोडीशेव, रेवड्या घ्यायच्या असतील तर आदल्या रात्रीच घ्या. पहाटे दुकानदारांनी पालं उतरवून पुढच्या गावची वाट धरलेली असते.