ख्रिस्ती माणसाला आपला विश्वास दुसऱ्याला सांगता यावा, यासाठी अंगात कोणते गुण हवेत?

सलाम. तुम्ही लिहिलंय की ऑफिसात डबा खाताना एका सहकाऱ्याने विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन लोक नेमकं काय मानता?" आणि तुम्हाला धड काही सांगता आलं नाही. मंडळीतले, म्हणजे आपल्या चर्चमधले, काही जण किती सहज साक्ष देतात, आपला विश्वास सांगतात, मग असं बोलायला स्वभावात काय लागतं आणि ते शिकता येतं का, हा तुमचा प्रश्न.

वक्तृत्व लागत नाही. वचनं तोंडपाठ असली तर चांगलंच, पण त्यावाचूनही अडत नाही. मी स्वतःला एकच गोष्ट विचारते आणि तुम्हीही विचारून बघा: या माणसाने माझं कधीच मानलं नाही, तरी तो मला आज आहे तितकाच जवळचा राहील का? उत्तर मनापासून 'हो' असेल तर बाकीचे गुण हळूहळू येतात. ते 'हो' नसेल तर आपण कितीही गोड बोललो तरी समोरच्याला आतला हेतू जाणवतो आणि तो सावध होतो. त्याचं सावध होणं बरोबरच असतं.

मी नगर जिल्ह्यातली, निवृत्त शिक्षिका. आमच्याकडे मंडळ्या जुन्या. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक 1842 साली नगरहूनच सुरू झालं. त्यामुळे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची रेल्वेतली गोष्ट आम्ही संडे स्कूलपासून ऐकत आलो. 1893 साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. बोलणं सुरू झालं ते संस्कृत काव्यावर. टिळक स्वतः कवी, विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा. बऱ्याच गप्पांनंतर त्या गृहस्थाने नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागाची, प्रत दिली, मोकळ्या मनाने वाचा म्हणून सांगितलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही म्हटलं. टिळकांनी वाचायला घेतलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी, म्हणजे मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी आले आणि तिथून त्यांना पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपल्या उपदेशांतून ही गोष्ट सांगतात ती त्या भाकितासाठी. ते खरं ठरलं याचा सगळ्यांना आनंद. माझं मन मात्र नेहमी आधीच्या भागात रमतं. त्या माणसाने सुरुवात टिळकांच्या आवडीपासून केली. त्याला संस्कृत काव्याबद्दल बोलता येत होतं, याचा अर्थ या देशातल्या माणसांना काय प्रिय आहे हे जाणून घ्यायला त्याने आयुष्यातली काही वर्षं दिली असणार. गाडीत बसल्या बसल्या ते येत नाही. आणि पुस्तक देऊन तो निघून गेला. दोघांनी एकमेकांची नावंसुद्धा विचारली नव्हती. टिळकांचा बाप्तिस्मा झाला हे त्याला कळलं असेल की नाही कोण जाणे. मराठी ख्रिस्ती मंडळीला तिचा सगळ्यात मोठा कवी ज्याच्यामुळे मिळाला, त्याने आपलं नावही मागे ठेवलं नाही. श्रेय न घेता देता येणं हा गुण मला वक्तृत्वाच्या फार वर वाटतो.

शास्त्रातही तसंच आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात येशूचा अनुयायी फिलिप्प एका कूशी, म्हणजे इथिओपियाच्या, अधिकाऱ्याच्या रथाजवळ जातो आणि पहिलं वाक्य प्रश्नाचं बोलतो: वाचताय ते समजतंय का? मग अधिकारी बोलावतो तेव्हा रथात चढतो. योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू तर यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत अशा शोमरोनी लोकांतल्या एका बाईकडे प्यायला पाणी मागतो. हा प्रसंग मी आमच्या महिला मंडळात पुन्हा पुन्हा घेते. कारण आपण ख्रिस्ती लोक देण्याला फार सरावलोय. औषध देऊ, शिक्षण देऊ, प्रार्थना करू, वचन देऊ. घ्यायची मात्र आपल्याला सवय नाही. शेजारीण दिवाळीला फराळाचं ताट घेऊन येते तेव्हा तिच्या चकलीचं कौतुक करून ती पोटभर खावी, भाजणी कशी केली ते विचारावं, तिच्या सासूच्या आजारपणात तिने काय सोसलं ते ऐकावं. आपल्यालाही तिची गरज आहे हे तिला कळू द्यावं. प्रसादाबद्दल प्रत्येक विश्वासणाऱ्याची सद्सद्विवेकबुद्धी वेगळी असते. पौलाने करिंथकरांना यावर सविस्तर लिहिलंय, ते वाचा. घ्यायचा नसेल तर हात जोडून, प्रेमाने सांगा. तोंड वाकडं करून नाकारलेली वस्तू माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही.

दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दल आदर हाही याच घरातला गुण. टिळक म्हणत की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी तो पूल पाडला नाही. अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली, आणि आज आमच्या खेड्यातल्या मंडळीत टाळ वाजतात ते त्यांच्यासारख्यांमुळे. 'तुमचं सगळं खोटं' अशी सुरुवात करणाऱ्याचं पुढचं कुणी ऐकत नाही. शिवाय मला ते प्रामाणिकही वाटत नाही, कारण अशी सुरुवात करणाऱ्याने दुसऱ्याचं फारसं वाचलेलं नसतं.

आता प्रामाणिकपणाकडे येते. इथे जरा थांबणार आहे, कारण महाराष्ट्रात आपली खरी परीक्षा इथेच होते.

तुमचा सहकारी आज ना उद्या विचारेल: तुमच्या पूर्वजांना काय मिळालं? पैसे? धान्य? मला हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत विचारला गेलाय, कधी कुतूहलाने, कधी टोचून. काही ख्रिस्ती लोक लगेच चिडतात, काही विषय बदलतात. मी सरळ सांगते. नगर जिल्ह्यातली बरीचशी ख्रिस्ती घरं मूळची महार-मांग समाजातली आहेत. 1876 ते 78 चा दुष्काळ, 1896-97 चा, मग 1899-1900 चा, या काळात मिशनने अन्न दिलं, कामं काढली, पोरकी मुलं सांभाळली, आणि त्याच सुमारास पुष्कळ कुटुंबं मंडळीत आली. हो, पोटाला मिळालं. शाळा मिळाली. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता त्यांना शेजारी बसवून घेणारी माणसं मिळाली. यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. पण माझी आजी धान्य मिळण्याचे दिवस सरून गेल्यावर कित्येक वर्षांनी, म्हातारपणी, पहाटे उठून गाणी म्हणत प्रार्थना करायची, ती धान्यासाठी नव्हती, हेही मी तितक्याच सरळ सांगते. एवढं ऐकल्यावर टोचून विचारणाराही बहुतेक वेळा शांत होतो.

पुढचा प्रश्न त्याहून अवघड: मग तुमच्यात जात गेली का? गेली नाही. लग्न ठरवताना 'मूळचे कोण' हे अजूनही विचारलं जातं आणि मला त्याचं फार दुःख आहे. हे मान्य करायला धैर्य लागतं. ते मान्य केल्यावरच "प्रभूमध्ये भेद नाही" हे आपलं म्हणणं कुणी ऐकून घेईल.

गोव्याचंही तसंच. फादर स्टीफन्स 1579 मध्ये तिथे आले, इथली भाषा शिकले आणि 1616 मध्ये त्यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं गेलं. मराठीची त्यांनी केलेली स्तुती आपण शाळेत शिकलो. ते सांगताना मला अभिमान वाटतो. पण ज्या साष्टीत ते राहिले तिथे त्याआधी देवळं पाडली गेली होती आणि गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चालू होतं. पहिलं सांगून दुसरं लपवणारा ख्रिस्ती माणूस माझ्या मते साक्षीदार नव्हे. साक्षीदाराने पाहिलेलं सगळं सांगायचं असतं.

पारदर्शकपणा म्हणजे काय हे ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंकडून शिकावं, आणि त्यासाठी काय सोसावं लागतं तेही. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढे ते पुण्याला आलं. विधवा आणि मुलींसाठीची ही शाळा कुणावर धर्म लादणार नाही, असं जाहीर होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये त्यावरून वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजू समजून घ्याव्यात असं मला वाटतं. मुली ज्यांनी विश्वासाने पाठवल्या त्यांची धास्ती खोटी नव्हती. आणि आपल्याच घरात दार लावून प्रार्थना करायची, हे रमाबाईंना मान्य होण्यासारखं नव्हतं. मी यातून स्वतःसाठी एक नियम केलाय: जे करायचं ते उघड, आणि मूल किंवा आजारी माणूस असेल तर घरच्यांसमोर. शाळेत शिक्षिका म्हणून मी मुलांना एकदाही धर्म सांगितला नाही. तो वर्ग त्यांच्या आईवडिलांनी गणितासाठी माझ्या हवाली केला होता.

कायदाही माहीत असू द्या. घटनेचं 25 वं कलम धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. बरेच विश्वासणारे या निकालावर नाराज असतात. मला त्यात अडचण वाटत नाही. मन बदलणं हे पवित्र आत्म्याचं काम आहे असं आपणच मानतो ना? मग आपल्या हाती सांगणं तेवढं उरतं. आमिष, भीती, नोकरीचं गाजर, 'प्रार्थनेला या, कॅन्सर बरा होईल' अशी हमी, यातलं काहीही तोंडून जाता कामा नये. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, त्याने मागितली तर. औषध बंद करा असं चुकूनही सुचवू नका.

धीराबद्दल लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण पुरे. नवऱ्याचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांचा 1900 चा. मधली वर्षं किती यातनांची गेली ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. सोवळंओवळं, जातीची भिंत, हे त्यांनी स्वतःच्या डोक्याने विचार करून एकेक करत सोडलं आणि मग त्या आल्या. म्हणून त्यांचा विश्वास त्यांचा स्वतःचा होता, कुणाच्या मागून आलेला नव्हता.

'मला माहीत नाही' म्हणता येणं, हेही लिहून ठेवा. योहानाच्या नवव्या अध्यायातल्या जन्मांध माणसाला येशू बरं करतो, तेव्हा परूशी, म्हणजे कडक नियम पाळणारे यहुदी धर्मपुढारी, त्याला घेरतात, येशू पापी आहे म्हणून सांगतात. तो म्हणतो, ते मला ठाऊक नाही. मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढं ठाऊक आहे. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे समजावता आलं नाही म्हणून तुम्ही गप्प बसलात ना? ते तुमच्या पाळकांनाही एका डब्याच्या सुटीत समजावता येणार नाही.

हे गुण शिकता येतात का? येतात, पण सभेत शिकून नाही. रोजची प्रार्थना, आणि मंडळीबाहेरच्या चार माणसांशी खरी मैत्री, यातून येतात. ज्यांचे सगळे मित्र ख्रिस्तीच आहेत त्यांना साक्ष देणं जड जातं, असं मी पाहिलंय.

आता त्या सहकाऱ्याचं. त्याने आपणहून विचारलंय, म्हणजे पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात जे म्हटलंय तशी वेळ तुमच्यावर आली आहे: आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने द्या. उद्या डबा खाताना तुम्हीच विषय काढा. "त्या दिवशी तुम्ही विचारलंत, मला नीट सांगता आलं नाही, आज सांगू का?" असं म्हणा. तो हो म्हणाला तर पाच मिनिटांत, साध्या मराठीत, येशूमुळे तुमच्या रोजच्या जगण्यात काय वेगळं झालं ते सांगा. राग, पैसा, घरातली भांडणं, मरणाची भीती, जे खरं असेल ते. मग त्याला विचारा की तो काय मानतो, आणि तुमच्या पाच मिनिटांच्या दुप्पट वेळ ऐका. त्याने वाचायला मागितलं तर आख्खं बायबल हातात देऊ नका, लेवीय या नियमांनी भरलेल्या पुस्तकात अडकून पडेल. मार्काचं शुभवर्तमान द्या, सोळाच अध्याय आहेत. आणि दिल्यावर 'वाचलं का?' असं विचारू नका. त्याला बोलायचं असेल तेव्हा तो बोलेल, नाही बोलला तरी डबा एकत्रच खा.