दगड जिथला, तिथेच

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू पुरातत्त्व खात्यात रुजू झाल्याचं सांगितलंस आणि ठेवता ठेवता विचारलंस, "मॅडम, खासगी जमिनीवरच्या अवशेषांची काळजी समजते, पण जागा सरकारीच असेल तर ते आपोआप सुरक्षित नाहीत का?" मी लिहून कळवते म्हटलं, कारण या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला माझी एक चूक सांगावी लागणार होती आणि ती फोनवर सांगवली नसती.

आधी उत्तर. नाहीत. उलट माझ्या अनुभवात सरकारी जागेवरचे अवशेषच आधी गेले. खासगी शेतात दगड असला तर निदान शेतकऱ्याला माहीत असतं की बांधावर काहीतरी आहे. आजोबांनी तिथे नारळ फोडलेला असतो. परवानगी कोणाकडे मागायची, समजूत कोणाची घालायची, हेही स्पष्ट असतं. गायरान, तलावाचा काठ, रस्त्याची कड, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी संपादित केलेला आणि अजून वाटप न झालेला भूखंड, वनजमिनीतलं पडकं देऊळ, इथे विचारायचं कोणाला? आपण 'सरकारी' म्हणतो तेव्हा त्यात महसूल असतं, वन खातं असतं, महापालिका, सिडको, सार्वजनिक बांधकाम, एमआयडीसी असते. प्रत्येक जण समजतो की दुसरं कोणीतरी बघत असेल. त्यामुळे एखाद्या सकाळी जेसीबी येतो आणि त्याच्या चालकाला अडवायला कोणी नसतं. त्या बिचाऱ्याची काय चूक? त्याच्यापुढच्या नकाशात तो दगड नसतोच.

म्हणून पहिलं काम नकाशात आणि सातबाऱ्यात दगड आणण्याचं. कुठलाही अवशेष पाहिलास की त्याच आठवड्यात तलाठ्याकडे जा. गट नंबर, सर्व्हे नंबर काढ. भोगवटादार कोण आहे ते बघ. 'इतर हक्कात' काय काय लिहिलंय तेही वाच. शहरात असेल तर सिटी सर्व्हेचा उतारा घे. नवी मुंबईत एक वेगळी गंमत आहे. सिडकोसाठी १९७० नंतर ९५ गावांची जमीन संपादित झाली, त्यामुळे जुना सर्व्हे नंबर, सेक्टर आणि भूखंड क्रमांक हे सगळं एकमेकांशी जुळवावं लागतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात मात्र अजून शेताचीच नावं आहेत. तीही लिहून घे. एखाद्या शेताच्या नावात देऊळ, कोट, बंदर, टांकसाळ असं काही आलं की कान टवकार. कागदावरच्या आकड्यांपेक्षा ती नावं पुष्कळ जुनी असतात.

आता चूक सांगते.

वीस-बावीस वर्षांपूर्वी शिळफाट्याच्या पलीकडच्या एका गावच्या गायरानात मला एक गद्धेगाळ, म्हणजे जमीनदानाचा लेख आणि शाप कोरलेला उभा दगड, दाखवली. दिवाळी झाली होती, गवत वाळून पिवळं पडलेलं, म्हणून ती दिसली. कमरेएवढी उंच. वर कलश, एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र. मधे दहा-बारा ओळी, झिजलेल्या. खालचा भाग जमिनीत, तिथे शापाचं चित्र असणार हे न उकरताही कळत होतं. दगडावर शेवाळ वाळून काळं झालं होतं. मी आणि बरोबरच्या शिपायाने मऊ ब्रशने आणि नुसत्या पाण्याने तो तासभर धुतला. मग ठसा घेतला. तू आमच्याबरोबर आली होतीस तेव्हा घेतला होता तसाच. ओला कागद दगडावर पसरायचा, ब्रशच्या केसांनी ठोकत ठोकत अक्षरांच्या खाचेत बसवायचा, हवेचा एकही बुडबुडा ठेवायचा नाही. कागद अर्धवट वाळला की कापडाच्या पुरचुंडीने शाई टिपत जायची. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटायला लागतात तो क्षण मला अजून तसाच लागतो, इतक्या वर्षांनंतरही. त्या दिवशी वरच्या चार ओळींतून 'स्वस्ति श्री' आणि शकाचा शब्द निघाला. आकडा निघाला नाही. म्हटलं, उन्हाळ्यात पुन्हा येऊ, खालची माती काढू, संध्याकाळच्या तिरक्या उजेडात नीट वाचू.

वहीत मी जागा काय लिहिली? 'गावाच्या दक्षिणेस, गायरानात.' बस. गट नंबर घेतला नाही. तहसीलदारांना पत्र लिहायचं होतं ते मार्चअखेरच्या कामात मागे पडलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले तेव्हा गायरानाच्या कडेने रस्ता रुंद झाला होता. गद्धेगाळ देवळाच्या अंगणात होती. गावकऱ्यांनी ती ढिगाऱ्यातून काढून आणली, सिमेंटचा कट्टा करून त्यात बसवली आणि चंदेरी ऑइलपेंट लावला. खालचा तुकडा मोडून गेला होता, तो मिळालाच नाही. त्या लोकांना मी एक शब्द बोलले नाही. बोलायचा मला अधिकार नव्हता. त्यांनी दगड वाचवला होता, हलगर्जी माझी होती. पण दगड नेमका कुठे उभा होता हे विचारलं तर पाच जणांनी पाच जागा दाखवल्या.

तू म्हणशील, दगड तर आहे ना? हाच मुद्दा तुला मनात घट्ट बसवायचा आहे. गद्धेगाळ म्हणजे काय? राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने जमीन दान दिली, तिची नोंद आणि ती मोडणाऱ्याला शाप. त्या काळचा तो सातबाराच आहे, आणि सातबारा जमिनीपासून तोडला की त्यातली जमीनच जाते. दगड जागेवर असता तर त्याच्याभोवती आपण फिरलो असतो, खापरं वेचली असती, जुनी विहीर, देवळाचं जोतं, विटांचा भाग शोधला असता. दान कोणतं, वस्ती कुठे, पाणी कुठून, हे सगळं त्या एका उभ्या दगडाने सांगितलं असतं. अंगणातल्या कट्ट्यावर तो फक्त 'एक प्राचीन शिळा' झाला. संग्रहालयात हलवणं सोपं असतं, साहेबही खूश होतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. तरी ते शेवटचा उपाय म्हणूनच कर. आणि हलवायची वेळ आलीच तर आधी चारी बाजूंचे फोटो, अक्षांश-रेखांश, दिशा, खड्ड्याची खोली, सगळं नोंदवल्याशिवाय दोरी लावू देऊ नकोस.

असं नोंदवून ठेवल्याने काय साधतं ते ठाण्यातच बघ. आज मध्यवर्ती कारागृह आहे त्या किल्ल्यात १७८७ साली पाया खणताना उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यातल्या राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, शके ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७. कुठे आणि कधी सापडला हे तेव्हाच लिहून ठेवलं गेलं, म्हणून आज आपण ते बोट ठेवून सांगू शकतो. शिलाहारांच्या लेखांत येणारं श्रीस्थानक म्हणजे हेच ठाणे, हे सांगताना आपल्या पायाखाली तशी एक ठाम जागा असते. अंबरनाथच्या शिवालयातला शके ९८२ चा लेख तर देवळातच आहे. तो लेख आणि ती इमारत एकमेकांना साक्ष देतात. तोच दगड कुठल्या बागेत सापडला असता तर देऊळ कोणत्या काळातलं यावर आपण अजून वाद घालत बसलो असतो.

कायदा तुला परीक्षेसाठी पाठ आहे, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. फक्त जिथे नवीन माणूस हमखास अडखळतो तेवढं सांगते. स्मारकाभोवती बांधकामासाठी १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र हा नियम १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने पक्का झाला, आणि तो केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांचा आहे. राज्याच्या १९६० च्या कायद्याखालचं स्मारक असेल तर त्याची अधिसूचना काढून शब्द न् शब्द वाच, ऐकीव आकडे कोणाच्या तोंडावर फेकू नकोस. बिल्डरचा वकील ते एका मिनिटात खोडतो आणि मग तुझं खरं म्हणणंही कोणी ऐकत नाही. जे अजून संरक्षितच नाही, आणि आपल्या जिल्ह्यात तेच सर्वांत जास्त आहे, त्याला यातलं काहीच लागू नाही. त्याच्यासाठी प्रस्ताव, पहिली अधिसूचना, हरकतींचे दोन महिने, अंतिम अधिसूचना हा लांबचा रस्ता. तोवर तुझ्या हातात फक्त पत्र असतं. पत्र लिहायला लाजू नकोस. तहसीलदार, प्रांत, महापालिकेचे शहर अभियंता, सिडकोचा नियोजन विभाग, सगळ्यांना पाठव आणि आवक क्रमांकाची पोच फाइलला लाव. पुढे कधी हरकत घ्यायची वेळ आली की कामाला येते ती पोच.

तलावांवर नजर ठेव. ठाण्यात तलाव पुष्कळ, आणि पावसाळ्याआधी गाळ काढायची कामं निघतात. गाळात मूर्ती येतात. काम सुरू झाल्यावर धावण्यापेक्षा निविदा निघण्याआधी अभियंत्याला भेट आणि अटींमध्ये एक ओळ घालून घे, की काही सापडल्यास काम थांबवून कळवावं. बहुतेक अभियंते चांगले असतात. त्यांना कोणी आधी येऊन सांगितलेलं नसतं, इतकंच. मजुरांशीही बोल. नाणी किंवा दागिने सापडले तर १८७८ च्या निखात निधी, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाच्या कायद्याने, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही असेल तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. पण त्याच कायद्यात ज्याला ते सापडलं त्याचाही हक्क मानलेला आहे, सरकारने ते घेतलं तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देण्याची तरतूद आहे, हे त्यांना कोणी सांगतच नाही. फक्त पोलिसांचं नाव काढलंस तर सगळं रातोरात सोनाराच्या मुशीत जाईल.

आणि सिमेंट. यावर मी भांडले आहे आणि तुलाही भांडावं लागेल. सुशोभीकरणाच्या अंदाजपत्रकात सिमेंटची दरजभराई, म्हणजे दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरणं, येतेच. खाडीकाठच्या जुन्या चुनेगच्ची भिंतीत ओल आणि खार असतो. चुना श्वास घेतो, ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती आत कोंडतं, मग खार दगडाच्या अंगातून बाहेर पडताना पापुद्रेच काढतो. पाच-सहा पावसाळ्यांत सिमेंट तसंच उभं आणि शेजारचा दगड पोकळ. पिंपळाचंही तसंच. वरून छाटला की फोटोत भिंत स्वच्छ दिसते, मुळं आत दुप्पट जोमाने जातात. मुळाशी इलाज करणारा माणूस आणि चुना मळणारा गवंडी, या दोघांचे फोन नंबर तुझ्याकडे कायम असू देत. बेलापूरच्या किल्ले गावठाणाजवळचा बुरूज एकदा जवळून पाहून ये. मोठाल्या इमारतींच्या शेजारी एकटाच उरलेला तो बुरूज पाहिलास की मी काय म्हणते ते कळेल.

गावात गेलीस की आधी गावदेवीच्या देवळात जा, मग सरपंच, पोलीस पाटील. वीरगळीला, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेला, शेंदूर लावलेला असेल तर तो खरवडायची भाषा पहिल्या भेटीत करायची नाही. त्या शेंदरानेच ती इतकी वर्षं राखली आहे. अक्षरं दिसावीत म्हणून त्यात खडू किंवा पीठ भरणारे हौशी लोक भेटतील, त्यांना मात्र तिथल्या तिथे थांबव. बॅटरी आडवी धरून वाचायला शिकव, पुढच्या वेळी तेच तुझे राखणदार होतील.

बदल्या, अपुरी माणसं, गाडी नसणं, हे होणारच. कधी कधी एका अधिकाऱ्याकडे अख्खं कोकण असतं. त्यावर रडत बसायला मला वेळ मिळाला नाही, तुलाही मिळणार नाही.

सोबत एक फोटो पाठवते आहे. त्या दिवाळीनंतरचा, गायरानातला. गद्धेगाळीच्या मागे चिंचेचं मोठं झाड दिसतं आणि त्याच्या डावीकडे डोंगराची एक खांडी. चिंच रस्त्यात गेली असेल कदाचित, खांडी कुठे जाणार नाही. झाडाची जागा आणि खांडी फोटोत दिसतात तशीच समोर येईपर्यंत उलट चालत आलं तर मी जिथे कॅमेरा घेऊन उभी होते ती जागा सापडायला हवी. दगड तिथून बारा-तेरा पावलांवर. मी दोनदा प्रयत्न केला, पण आता गुडघे त्या चढाला साथ देत नाहीत. गवत वाळलं की एका रविवारी आपण दोघी जाऊ. सकाळी साडेसहाला निघायचं, उजेड तिरका असताना. टेप तू आण, जीपीएस तू आण. गट नंबरासाठी तलाठ्याला मी आजच फोन करून ठेवते.

तुझी,
मॅडम