खांदे मागे ओढू नका, मांड खाली सोडा

पावसाळा संपून मैदानं वाळली की घोडेस्वारी शिकणाऱ्यांची गर्दी वाढते आणि एक तक्रार हमखास येते: घोड्यावर बसलं की शरीर पुढे झुकतं. या वेळच्या ठाणे आणि नवी मुंबईच्या पत्रांतून पाच निवडली आहेत. पाचही जणांना शिकवणाऱ्यांनी ‘सरळ बसा’ एवढंच सांगितलंय. पण झुकण्याचं कारण प्रत्येकाचं निराळं असतं. ते सापडल्याशिवाय नुसतं सरळ बसता येत नाही.

प्रश्न: मी ऐरोलीला आयटी कंपनीत आहे, राहते घोडबंदर रोडला. दर रविवारी घोडेस्वारी शिकते. सरांनी टोकलं की खांदे मागे घेते, पण अर्ध्या फेरीत पुन्हा पुढे. घरी आल्यावर कंबर भरून येते. काय चुकतंय?
– एक वाचक, कासारवडवली

खांदे मागे घेणं, हेच चुकतंय. खांदे ओढले की छाती वर येते, कंबरेत खळगा पडतो आणि कंबरेचा खालचा भाग होता तसाच पुढे कललेला राहतो. धड मागे आणि कंबर पुढे, या ओढाताणीत पाठीचे स्नायू किती वेळ टिकणार? अर्ध्या फेरीत ते दमतात आणि तुम्ही मूळच्या जागी येता. कंबर भरून येते ती यामुळेच.

सुरुवात खालून करायची. घरी लाकडी खुर्चीवर बसा आणि तळवे वर करून दोन्ही हात बुडाखाली सरकवा. दोन टणक हाडं हाताला टोचतील. ही आपली बसण्याची हाडं. पोक काढलंत की त्यांची टोकं पुढे सरकतात, कंबरेत खळगा केलात की मागे. टोकं सरळ खाली रुततात ती मधली जागा शोधा आणि शरीराच्या नीट लक्षात राहू द्या. खोगिरात बसायचं ते इथेच.

घोड्यावर गेल्यावर ही जागा हरवते, त्याला बहुतेक वेळा गुडघे जबाबदार असतात. घोडा हलला की आपण नकळत गुडघ्यांनी खोगीर आवळतो. गुडघा आवळला की सगळं शरीर तिथेच अडकतं: पोटरी मागे सरकते, टाच वर येते आणि धड पुढे पडतं. म्हणून क्लासच्या सुरुवातीला, घोडा कुणीतरी धरून वॉकवर (साध्या चालीने) चालवत असताना, दोन्ही पाय रिकिबीतून (पाय ठेवायच्या कड्यांतून) काढा आणि लोंबू द्या. मग दोन्ही मांड्या क्षणभर खोगिरापासून बाजूला उचला, अगदी बोटभर, आणि सोडून द्या. त्या क्षणी हाडं खोगिरात बसलेली स्पष्ट जाणवतील. दोनतीनदा पुरे, जास्त केलं तर जांघेत गोळा येतो. त्यानंतर रिकिबीत पाय घाला, पण टाच जोर लावून खाली दाबू नका. मांडी सैल असली की टाच आपली आपण उतरते.

दुसरं कारण तुमच्या नोकरीत आहे. दिवसभर खुर्चीत आणि येताजाता गाडीत बसून पोटाखालून मांडीला जोडलेले स्नायू आखडतात. घोड्यावर मांडी खाली सोडायची तर ते लांब व्हावे लागतात. झाले नाहीत तर मांडी वर राहते आणि कंबर पुढे ओढली जाते. सुमारे २४०० वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानीने लिहून ठेवलंय की घोड्यावर खुर्चीत बसल्यासारखं बसू नये, पाय फाकून उभं राहिल्यासारखं असावं. आपलं आजचं सगळं आयुष्य नेमकं खुर्चीतलं झालंय. रोज एक गुडघा जमिनीवर टेकून, दुसरा पाय पुढे ठेवून, बूड आत घेऊन हळूच पुढे सरका. टेकलेल्या पायाच्या जांघेत ताण जाणवला पाहिजे. अर्धा मिनिट तसंच थांबा, मग दुसरी बाजू. हे आठवड्यातून एकदा करून भागत नाही, रोजच हवं.

नजरही सांभाळा. आपलं डोकं साडेचार-पाच किलोंचं असतं. घोड्याच्या मानेकडे बघत राहिलात तर ते वजन अख्ख्या पाठीला पुढे घेऊन जातं. त्याच्या दोन कानांच्या मधून मैदानाच्या टोकाकडे बघा.

आणि एक तयारी ठेवा. खरोखर सरळ बसाल तेव्हा आपण मागे पडतोय असंच वाटेल. इतके दिवस झुकणं हेच मेंदूने सरळ म्हणून मानलेलं असतं. तेव्हा जाणिवेवर विसंबू नका, मैत्रिणीला बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. कान, खांदा, मांडीचा सांधा आणि टाच एका उभ्या रेषेत दिसली की ती बसण्याची पद्धत बरोबर, मग मनाला कितीही विचित्र वाटो.

प्रश्न: माथेरानला घोड्यावर बसल्यापासून आमच्या ९ वर्षांच्या मुलाला वेड लागलंय, म्हणून क्लास लावला. पण तो सारखा आयाळ धरून पुढे वाकतो. लहान आहे, मोठा झाला की आपोआप जाईल का?
– एक आई, खारघर

ताई, आपोआप जाणार नाही आणि ओरडून तर मुळीच जाणार नाही. आधी आयाळीचं सांगते: ती धरू दे. तोल गेल्यावर मूल काहीतरी धरणारच, आणि लगाम ओढला तर घोड्याच्या तोंडातलं लोखंड त्याला लागतं. त्यापेक्षा आयाळ शतपटीने बरी.

बघायचं ते रिकिबीकडे. एका बॅचमध्ये तेच खोगीर तीनचार मुलं वापरतात आणि रिकिबीचा पट्टा आधीच्या मोठ्या मुलाच्या मापाचा तसाच राहतो. मग लहानगा चवड्यांनी रिकीब शोधत राहतो, टाच वर जाते, तोल पुढे जातो आणि हात आयाळीकडे. बसल्यावर पाय मोकळा सोडला तर रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी यायला हवा. प्रत्येक वेळी चढल्यावर हे तपासून घ्या, संकोच करू नका. घोडा त्याच्या मानाने फार रुंद असेल तर मांड्या इतक्या फाकतात की बसण्याची हाडं टेकतच नाहीत. लहान चणीचा घोडा मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

माथेरानला मोटारगाड्यांना बंदी असल्याने घोडे तिथे रोजच्या ये-जा करण्याचा भाग आहेत, पण तिथे घोडेवाला दोरी धरून चालतो आणि मूल नुसतं घट्ट धरून बसतं. ती सवय मोडायला खेळ लागतात. घोडा कुणीतरी धरलेला असताना एक हात स्वतःच्या डोक्यावर, मग दोन्ही हात बाजूला पसरलेले, मग मागे वळून घोड्याच्या पुठ्ठ्याला हात लावायचा. कुंपणाबाहेरून जाणाऱ्या गाड्यांचे रंग मोठ्याने सांगायला लावा. नजर वर गेली की पाठ तिच्यामागे येते, त्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न: रायझिंग ट्रॉटला, म्हणजे दुडक्या चालीत ठोक्यावर खोगिरातून उठत-बसत जाताना, माझं धड पुढे फेकलं जातं आणि सर ओरडतात. पण महालक्ष्मीला जॉकी पूर्ण पुढे वाकलेले असतात, उड्या मारणारे स्वारही. मग नियम नक्की काय आहे?
– कॉलेजचा विद्यार्थी, नेरुळ

तुझी शंका रास्त आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

जॉकी पूर्वी असे वाकत नसत, लांब रिकिबीत ताठ बसत. टॉड स्लोन हा अमेरिकन जॉकी १८९७ मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा त्याच्या आखूड रिकिबी आणि वाकलेली पाठ बघून लोक हसले. मग तो जिंकू लागला आणि सगळ्यांनी त्याचीच नक्कल केली. उड्यांमध्ये हेच काम फेदेरिको काप्रिल्ली या इटलीच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने केलं. त्याच्या आधी स्वार उडीवर मागे रेलून लगाम ताणायचे, घोड्याच्या पाठीला आणि तोंडाला हिसका बसायचा. उडीत घोड्याचा तोल पुढे जातो, तर स्वारानेही त्याच्याबरोबर जावं, असं त्याने शिकवलं. १९०७ साली तो वारला, पण उड्यांची घोडेस्वारी आजही त्याच्याच पद्धतीने चालते.

आता फरक बघ. या दोघांच्या पद्धतीत बूड खोगिरात टेकलेलं नसतं. वजन रिकिबीतून टाचेत उतरलेलं असतं, शरीर मांडीच्या सांध्यात दुमडतं, खांदे जितके पुढे तितकंच बूड मागे. म्हणजे तोल पायावरच राहतो. तुझं बूड जागेवर असतं आणि नुसती छाती पुढे जाते. तुझ्या पुढे गेलेल्या वजनाला मागे काहीच तोलून धरत नाही.

त्याची किंमत घोडा मोजतो. उभ्या घोड्याच्या वजनातला सुमारे ६० टक्के भार मुळातच पुढच्या पायांवर असतो. ४०० किलोंचा घोडा असेल तर २४० किलो पुढे. त्यावर तू आणखी ढकलतोस. मग त्याचे मागचे पाय पोटाखाली येत नाहीत, तो लगामावर रेलतो आणि ट्रॉट घाईची होते. कँटरला (ट्रॉटहून वेगवान चालीला) निघताना त्याला मदत म्हणून पुढे झुकलास तर कँटर मिळतच नाही, नुसती धावती दुडकी मिळते. शिवाय रायडिंगच्या बऱ्याच ठिकाणी रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचे घोडे) असतात. आखूड लगाम आणि पुढे झुकलेला स्वार याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ, पळ.

रायझिंग ट्रॉटमध्ये धड किंचित पुढे असणं बरोबरच आहे, ते फेकलं जाता कामा नये. उठायचं ते खांद्यांनी नाही. घोड्याची पाठ तुला वर देते, तू फक्त कंबरेची पुढची बाजू खोगिराच्या पुढच्या उंचवट्याकडे जाऊ द्यायची आणि हलकेच परत यायचं. फार उंच उठायची गरजच नाही, खोगिरापासून सुटलास की पुरे.

आधी वॉकवर एक परीक्षा घे. हात न टेकवता रिकिबीत उभा राहा. मानेवर पडलास तर पोटरी मागे गेलेली आहे, धपकन बसलास तर पुढे. पोटरी बरोबर तुझ्या खाली असेल तेव्हाच उभा राहू शकशील. ते जमलं की ट्रॉटवर एक ठोका वर, एक खाली असं न करता दोन ठोके वर, एक खाली असं कर. वर, वर, खाली. वर, वर, खाली. दुसऱ्या ‘वर’ला फसवणूक चालत नाही, पाय खाली नसेल तर तिथे उभं राहताच येत नाही. सुरुवातीला गडबडशील. तेव्हा आयाळ धर, लगाम धरून स्वतःला सावरू नकोस.

प्रश्न: वय ६१. निवृत्तीनंतर शिकायला लागलो. पावसाळ्यात चिखलात घोडा अडखळला आणि मी मानेवरून पुढे पडलो. फार लागलं नाही, पण आता तो जरा थबकला तरी मी वाकतो. वय झालं म्हणून सोडून द्यावं का?
– एक वाचक, नौपाडा

काका, या वाकण्याचा वयाशी संबंध नाही. भीती वाटली की कोणत्याही वयाचं माणूस पोट झाकून पुढे मिटतं. अडचण एवढीच की ज्या दिशेला तुम्ही पडलात, मिटताना त्याच दिशेला जाता. घोडा थबकला, अडखळला किंवा गवताला तोंड घालायला मान खाली घातली, तर पुढे झुकलेल्या स्वाराला अडवायला समोर काही उरत नाही. सरळ बसलेला जागेवर राहतो.

आधी डॉक्टरांना पाठ आणि हाडं दाखवून घ्या. त्यांनी हो म्हटलं की शांत, वयस्क घोडा मागा आणि काही दिवस लाँजच्या दोरीवर (शिकवणारा मध्ये उभा राहून लांब दोरीने घोडा गोल फिरवतो) शिका. घोडा शिकवणाऱ्याच्या ताब्यात असतो, तुम्हाला लगाम सांभाळायचा नसतो. एक हात खोगिराच्या पुढच्या उंचवट्याखाली घालून हलकं वर ओढत राहा, त्याने तुम्ही आपोआप खोगिरात खाली खेचले जाता. मग फक्त वॉक, थांबा, वॉक, थांबा, एवढंच. थांबायच्या आधी लांब श्वास सोडा. तुम्ही इतकी वर्षं ठाण्याहून लोकलने गेला असाल तर हे पायांना ठाऊक आहे: ब्रेक लागताना गुडघे ताठ केलेला माणूस पुढच्यावर जाऊन आदळतो, सैल ठेवलेला जागेवर हलून सावरतो. इथेही गुडघे, घोटे सैल आणि धड उभं.

भीतीत आपण श्वास धरून ठेवतो आणि ते आपल्याला कळत नाही. म्हणून मोठ्याने काहीतरी म्हणा. अभंग म्हणा, पाढे म्हणा. म्हणणाऱ्याला श्वास धरता येत नाही आणि घोडाही आवाजाने निवांत होतो. पुढच्या पावसाळ्यात चिखल असेल त्या दिवशी ट्रॉटला सरळ नाही म्हणा. हेल्मेट वॉकवरसुद्धा काढायचं नाही. पण सोडू नका.

प्रश्न: मला खोगीरच पुढे उतरतं असल्यासारखं वाटतं. क्लासमध्ये सगळे म्हणतात, निमित्त शोधतेय.
– एक वाचक, वाशी

निमित्त नाही, तपासून बघा. घोडा सपाट फरशीवर उभा असताना खोगिरावर एक गोल पेन्सिल आडवी ठेवा. ती घरंगळत मध्यभागी थांबायला हवी. पुढच्या उंचवट्याजवळ गेली तर तुम्ही खरंच उतारावर बसताय आणि कितीही प्रयत्न केलात तरी पुढेच घसरणार.

सर्वांत साधं कारण म्हणजे खोगीर फार पुढे, घोड्याच्या खांद्यावर चढवलेलं असणं. ते थोडं पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवत न्या, आपली जागा सापडली की ते थांबतं, मग तंग (पोटाखालचा पट्टा) आवळा. कधीकधी खोगिराचा सांगाडाच त्या घोड्याला रुंद होतो आणि पुढून बसतो. बसल्यावर मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं जाईल एवढी फट हवी. नसेल तर घोड्यालाही ते टोचत असणार, शिकवणाऱ्यांना लगेच सांगा. स्वतःच्या मनाने खाली जादा गादी कोंबू नका.

आणि रिकिबीचे दोन्ही पट्टे काढून शेजारी धरून मोजा. सगळे डावीकडून चढतात म्हणून डावा पट्टा ताणून लांब होतो, भोकं तीच दिसतात पण पाय वरखाली होतात आणि तुम्ही एका बाजूने पुढे वळता. दर महिन्या-दोन महिन्यांनी डावा पट्टा उजवीकडे, उजवा डावीकडे लावायला सांगा.