वडिलांचं बीपी १५०/९० आहे, गोळी चालू आहे. सोलापुरी शेंगाचटणी बंद करावी का?

चटणी बंद करू नका, तिच्यातलं मीठ कमी करा. शेंगदाण्यात मुळात सोडियम (मिठातला बीपी वाढवणारा घटक) नगण्य; बीपी चढवतं ते कुटताना घातलेलं मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात भाकरी, आमटी, लोणचं, पापड सगळं आलं. घरी कुटताना मीठ निम्मं करा, लसूण-जिरं वाढवा. (विकतच्या पुडीत हात आपला नसतो.) फक्त 'लो सोडियम' मीठ परस्पर आणू नका: त्यात पोटॅशियम असतं, आणि किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. आधी डॉक्टरांना विचारा.