मुनीमजी म्हणतात, मागची तारीख घालू

प्रश्न : सांवेर रोडवर आमचं नमकीन पॅकिंगचं युनिट आहे, माणसं १४. एक मशीनवाला एप्रिल २०१५ पासून होता. वर्षभर उशिरा येणं, न सांगता दांड्या चालल्या होत्या. जानेवारी २०२६ अखेर वडिलांशी वाजलं आणि ते "उद्यापासून येऊ नकोस" म्हणाले. शेवटचा पगार हिशोबासाठी थांबवलाय. आता वकिलाची नोटीस आली आहे : परत घ्या, मागचा पगार द्या, ग्रॅच्युइटी द्या. नियुक्तिपत्र दिलेलं नव्हतं, समज दिली ती तोंडी किंवा वडिलांच्या व्हॉट्सअॅपवर. मुनीमजी म्हणतात, मागच्या तारखेचं नियुक्तिपत्र आणि दोन-तीन मेमो आता करून फाइलला लावू. लावू का? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : नाही. एका प्रकरणात मी असंच २०१६ चं पत्र पाहिलंय. कागद छान पिवळट, सही झोकात, आणि लेटरहेडच्या तळाशी जीएसटी नंबर! जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. समोरच्या वकिलाने एवढा एकच प्रश्न विचारला, त्यानंतर मालकाच्या खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवेना. शिवाय खोटा पुरावा बनवून न्यायालयात वापरणं हा भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

तुमची बाजू कच्ची आहे, पण रिकामी नाही. शिक्षा म्हणून काढायचं तर आरोपपत्र आणि चौकशी हवी. एरवी महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांची भरपाई. तुमच्याकडून दोन्ही राहिलं. तरी चौकशी न झालेल्या प्रकरणातही मालक गैरवर्तन थेट न्यायालयापुढे सिद्ध करू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्येच मान्य केलंय. म्हणून हाजरीचं रजिस्टर जसं आहे तसं ठेवा. 'पी' (हजर) खोडून 'ए' (गैरहजर) केलंय, पेन्सिलची खूण आहे, असू दे. मुनीमजींना ते 'फेअर' करू देऊ नका; खाडाखोड समजावून सांगता येते, कोरं करकरीत रजिस्टर समजावता येत नाही. आणि ते दडवूही नका. हाजरीचं रजिस्टर मागूनही मालकाने हजर केलं नाही, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अर्थ काढू शकतं.

पगार आज बँकेतून भरा. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत कामावरून काढल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशोब द्यायचा असतो. ग्रॅच्युइटीवरही भांडू नका. दहा वर्षं नऊ महिने म्हणजे अकरा वर्षं धरतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० असेल, तर भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस), गुणिले १५ (दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार), गुणिले ११ वर्षं : ९९,००० रुपये.

नोटिशीच्या उत्तरात वडिलांचं बोलणं नाकारू नका. ते मागे घेतो, कामावर हजर व्हा, गैरहजेरीची रीतसर चौकशी होईल, असं लिहून स्पीड पोस्टने पाठवा. तो आला नाही तर मागच्या पगाराची मागणी बरीच ढिली पडते. आला, तर चौकशी खरोखर करा.

उरलेल्या तेरा जणांचं आत्ताच बघा. नियुक्तिपत्र आता प्रत्येकाला द्यावंच लागतं. आजचीच तारीख घाला, 'अमुक दिवसापासून कामावर आहे' एवढं आत लिहा. वाचता येईल अशा हिंदीत द्या आणि ऑफिस कॉपीवर तारखेसकट सही घ्या. मेमो त्याच आठवड्यात निघाला पाहिजे. 'वागणूक बेजबाबदार' याला न्यायालयात कवडीची किंमत नाही. 'साडेनऊची पाळी, सव्वाअकराला आला, पावणेदोन तास मशीन बंद' याला आहे. सही करायला नकार दिला, तर तसं लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि घरच्या पत्त्यावर टपालाने पाठवा. इंदुरात 'अरे भिया, घरचाच माणूस आहे' म्हणून कागद टाळतात. मग तोच घरचा माणूस वकील घेऊन येतो.

आणि वडिलांचा फोन? एक्स्चेंजमध्ये देऊ नका, चॅट पुसू नका. स्क्रीनशॉटच्या प्रिंटवर भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम म्हणजे पुराव्याचा कायदा, त्याच्या कलम ६३ चं इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं, ते मूळ फोन हाताशी असला की सोपं जातं. रजिस्टर आणि फोन दोन्ही घेऊन वकिलाकडे जा, नोटिशीत दिलेली मुदत संपायच्या आत.