मेंदूचा रिपोर्ट नॉर्मल, पाय मात्र बधिर

‘ताई, आठ महिने झाले, तळपायांना मुंग्या येतात. आता त्या गुडघ्यापर्यंत चढल्यात. अंधारात चालताना तोल जातो. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला. इथल्या डॉक्टरांनी “टेन्शन घेऊ नका” म्हणत झोपेची गोळी दिली. न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं तर अख्खा दिवस प्रवास, आणि नंबर तीन महिन्यांनंतरचा. रोजची अ‍ॅसिडिटीची गोळी सोडली तर मला कसलंच औषध नव्हतं. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. मलाही आता तसंच वाटू लागलंय. उरलीसुरली शिल्लक मोडून सगळ्या तपासण्या एकदम करून टाकू का?’
— वय ४१

शिल्लक मोडू नका. निदान इतक्यात तरी नाही.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुम्हाला काय झालंय ते मी सांगणार नाही. पण तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींवर मी अडखळले.

पहिली, तो एमआरआय. मेंदूच्या एमआरआयमध्ये मेंदू दिसतो. पायांच्या नसा त्यात येत नाहीत, पाठीतला मज्जारज्जूही येत नाही. पाय कुठे पडतोय याची खबर नसांमधून आणि मज्जारज्जूतून वर जाते. ती नीट पोचत नसेल तर उजेडात डोळे वेळ निभावून नेतात आणि अंधारात तोल जातो. हे तपासायला यंत्र लागत नाही. पाय जुळवून, डोळे मिटून उभं करायचं (शेजारी धरायला कुणीतरी हवं) आणि घोट्याच्या हाडावर कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क (धातूचा दोन दात्यांचा चिमटा) टेकवून ‘जाणवतंय का?’ विचारायचं. कुठलाही फिजिशियन हे करू शकतो. तुमच्या बाबतीत कुणी केलं का?

दुसरी, ती अ‍ॅसिडिटीची गोळी. किती वर्षं घेताय, हे तुम्ही लिहिलं नाही. पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर अन्नातलं बी-१२ शोषलं जाणं कमी होऊ शकतं. बी-१२ घटलं की पायांना मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं असं सगळं होऊ शकतं, आणि हिमोग्लोबिन चांगलं असतानाही होऊ शकतं. म्हणून बी-१२, साखर आणि थायरॉइड या रक्ताच्या तपासण्यांबद्दल गावातल्याच डॉक्टरांना विचारा. रक्त देण्याआधी स्वतःच्या मनाने व्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू करू नका, आकडा फसवा येतो. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड तर नकोच. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची हानी मागे चालूच राहते. कमतरता निघाली तर उपचार आहेत, पण नसा सावरायला महिने लागतात आणि उशीर झाला तर सगळं भरून येईलच असं नाही. तीन महिने नंबरची वाट बघत हातावर हात ठेवून बसू नका, ते यासाठी. काहीच निघालं नाही, तरी न्यूरॉलॉजिस्टसमोर बसताना चार कारणं आधीच वगळलेली असतील.

आता ते मनाचे खेळ. मेंदूची रचना शाबूत असताना त्याचं काम बिघडणं, हा खराखुरा आजार आहे, आणि त्यातली लक्षणं कुणी मुद्दाम आणत नाही. पण त्याचंही निदान तपासणीत सापडणाऱ्या ठरावीक खुणांवरून होतं. एक रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ‘टेन्शन’ म्हणणं, याला मी निदान म्हणत नाही, हात झटकणं म्हणते.

१८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी कंपवाताचं वर्णन लिहिलं, ते फक्त सहा माणसांवरून. त्यातले काही तर त्यांनी रस्त्यात पाहिलेले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा अजून ७८ वर्षं होती. मेंदू आणि नसांच्या या शाखेत आजही रुग्णाची हकिगत हीच मोठी तपासणी असते, तेव्हा तुमची नीट लिहून काढा. एकच पान. काय आधी सुरू झालं, काय नंतर, दोन्ही पाय सारखेच का, ताप किंवा उकाडा असला की वाढतं का, कुठली औषधं किती वर्षं. चालताना तोल जातो त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. हे पान आणि व्हिडिओ पुढे पाठवून, फोनवरून सल्ला किंवा लवकरचा नंबर मिळतो का, ते इथल्या डॉक्टरांनाच विचारायला लावा. डॉक्टरांनी डॉक्टरांना केलेल्या फोनला वजन असतं.

काही गोष्टींना मात्र नंबर लावायचा नसतो. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडणं, बोबडी वळणं: तडक मोठ्या इस्पितळात, कारण ही पक्षाघाताची लक्षणं असू शकतात आणि मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. पायांतली ताकद दिवसागणिक जाऊन अशक्तपणा वर चढू लागला, श्वास अपुरा पडू लागला, लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तरीही तसंच, मध्यरात्र असली तरी.

घरच्यांना पटवत बसू नका, काम द्या. रात्री वाटेत दिवा चालू ठेवायचा, पायात येणारं सामान उचलायचं. तुम्ही रोज तळपाय बघा, बधिर पायाला जखम कळत नाही. गरम पाण्यात पाय घालण्याआधी पाणी कोपराने अजमावा. आणि ज्या बाईचा अंधारात तोल जातो तिला झोपेची गोळी कशासाठी, हे डॉक्टरांना पुढच्याच भेटीत विचारा. रोज घेत असाल तर स्वतःहून एकदम बंद मात्र करू नका.