फड्या निवडुंगाचं पाणी आणि गळका स्लॅब

प्रश्न : सांगोल्याजवळ आमचं जुनं दगडमातीचं घर आहे आणि त्याला लागून वडलांनी नंतर काढलेल्या दोन खोल्या, त्यावर सिमेंटचा स्लॅब. स्लॅब पावसात गळतो, आणि जुन्या भिंतींना तीन वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला तर तो आता खालून फुगून पोपडे पडायला लागलेत. मुलानं मेक्सिकोचा व्हिडिओ दाखवला, निवडुंग भिजवून त्याचं पाणी चुन्यात घालतात म्हणे, वॉटरप्रूफ होतं. आमच्या बांधावर निवडुंग ढीगभर पडलाय. करून बघू का?

उत्तर : दादा, भिंतीला करा, स्लॅबला नको.

व्हिडिओ खोटा नाहीये. मेक्सिकोत ह्या निवडुंगाला नोपाल म्हणतात, त्याची पानं तिथले लोक भाजी करून खातातही, आणि त्याचा बुळबुळीत रस चुन्याच्या गिलाव्यात न् सफेदीत घालायची रीत जुनी आहे. आपल्याकडं नाही का चुना मळायच्या घाण्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालायचे, तसंच. हा रस पाणी धरून ठेवतो, त्यामुळं चुना एकदम सुकून तडकत नाही, हळूहळू हवेतला कार्बन डायॉक्साइड घेत घट्ट होतो, आणि सफेदी हाताला कमी लागते. पाणी आत शिरणं कमी होतं, पण प्लास्टिकचा कागद घातल्यासारखं बंद होत नाही, आणि मातीच्या भिंतीला नेमकं हेच पाहिजे असतं.

अमेरिकेत अॅरिझोनात टूसॉनजवळ सान झेवियर देल बाक म्हणून चर्च आहे, 1797 ला पूर्ण झालेलं. त्याला मागच्या शतकात सिमेंटचा लेप दिला, तर पाणी आत शिरलं ते बाहेर पडायला वाटच राहिली नाही आणि आतलं बांधकाम कुजायला लागलं. शेवटी तो लेप खरवडून काढला आणि चुना, वाळू न् निवडुंगाचा रस असा गिलावा केला. तुमच्या भिंतीचं दुखणं तेच दिसतंय, तेव्हा आधी तो सिमेंटचा गिलावा उतरवा, भिंत चांगली वाळू द्या, आणि पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरत असेल तर आधी ते लांब काढा, नाहीतर चुनाही फुगेल.

करायचं कसं तर चपटी पानं चिमट्यानं तोडायची, बारीक काटे गवतावर जाळून घ्यायचे (हातात घुसले की दोन दिवस निघत नाहीत, अनुभव आहे), तुकडे करून पाण्यात भिजत घालायचे, दोनतीन दिवसांत पाणी तार धरायला लागतं, वास मारतो पण चालतं, मग फडक्यानं गाळून साध्या पाण्याऐवजी तेच मुरवलेल्या चुन्यात वापरायचं. जास्त दिवस ठेवू नका, सडतं. आधी हातभर जागेवर लावून एक पाऊस बघा.

आणि हे नीट वाचा, पानं चपटी फड्यासारखीच पाहिजेत. तोडल्यावर पांढरा चीक निघाला तर तो शेर नाहीतर तीनधारी, ते घेऊ नका, डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

राहिला स्लॅब. भेगेतून गळणारं पाणी निवडुंगानं थांबत नाही, साठून राहणाऱ्या पाण्यापुढं तर त्याचा काही निभाव लागत नाही. उतार बघा, पाइपाची तोंडं बघा, भेगा भरून घ्या. मेक्सिकोतच विटांच्या गच्चीला वेगळा उपाय करतात, साबणाचं गरम पाणी एक हात, वाळलं की तुरटीचं पाणी एक हात, असे आलटून पालटून चारसहा हात. दोन्ही मिळून पाण्यात न विरघळणारा साबण विटेच्या छिद्रांत बसतो. पण त्याला पाणी पिणारी उघडी वीट किंवा चुना लागतो, तुमच्या स्लॅबवर आधीच कुठलं केमिकल मारलं असेल तर साबण वरच्यावर राहणार आणि पहिल्या पावसात फेस होऊन पाइपातून अंगणात येणार.